ठरलेला दर आणि वरचे पैसे

प्रवासात सेवा देणाऱ्या माणसाला वरचे पैसे किती द्यावेत, या प्रश्नाचे उत्तर पर्यटनाच्या मार्गदर्शक पुस्तकांत बहुधा कोष्टकाने दिलेले असते: अमुक देशात बिलाच्या दहा टक्के, तमुक देशात वीस, तर एखाद्या देशात काहीच नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात हे कोष्टक लावू पाहणाऱ्याची पहिल्याच पायरीवर पंचाईत होते, कारण येथे ज्यांच्या श्रमावर प्रवास चालतो त्यांपैकी फार थोडे लोक गिऱ्हाइकाच्या हाती बिल नावाचा कागद ठेवतात. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधून निघालेला प्रवासी आधी शेअर रिक्षात बसतो, विठ्ठलवाडी, उल्हासनगर किंवा अंबरनाथ स्थानकावर लोकल पकडतो, कल्याणला लांब पल्ल्याची गाडी आली तर हमाल शोधतो आणि परतताना एखाद्या ढाब्यावर जेवतो. या साखळीतल्या प्रत्येक माणसाचा पैशाशी असलेला संबंध निराळा असल्यामुळे ‘टिप’ हा एकच शब्द सगळीकडे वापरला की गोंधळ माजतो.

विवेचनाच्या सोयीसाठी या पैशांचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार म्हणजे सरकारने, रेल्वेने किंवा एखाद्या संघटनेने निश्चित केलेला दर. दुसरा म्हणजे दोन माणसांनी आपसांत बोलून ठरवलेली मजुरी. तिसरा प्रकार म्हणजे काम झाल्यावर, कोणी न मागता, देणाऱ्याने आपखुशीने दिलेले वरचे पैसे; यालाच टिप किंवा बक्षिसी म्हणता येते. या तिन्हींचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले दोन हिशेब पुरते झाल्यावाचून तिसऱ्याला अर्थ येत नाही, आणि घासाघीस करून मजुरीतले पन्नास रुपये कापणाऱ्याने शेवटी दहा रुपये ‘खुशीने’ हातावर ठेवले, तर त्याला बक्षिसी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग ठरतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि छावणीच्या पाच भागांचे क्रमांक गावच्या पत्त्यांत कायमचे राहिले. या वसाहतीतल्या अनेक कुटुंबांनी आरंभीच्या काळात गाड्यांतून आणि रस्त्यांवरून किरकोळ माल विकून पोट भरले, पुढे दुकाने टाकली, कारखाने काढले. ज्या गावाने फुकट मिळालेल्या पैशापेक्षा विकून कमावलेल्या पैशाला अधिक मान दिला, तेथे वरच्या पैशांची रूढी पाश्चात्त्य शहरांसारखी टक्केवारीने मोजली न जाणे स्वाभाविक आहे.

कॅम्प ५ आणि कॅम्प ४ हे भाग रेल्वेमार्गाच्या पूर्वेला आहेत आणि स्थानकाशी त्यांचा संबंध मुख्यतः शेअर रिक्षाने जोडलेला आहे. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे मीटरप्रमाणे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे. परंतु शेअर रिक्षात भाडे माणशी आकारले जाते, ते प्रवाशाला तोंडपाठ असते आणि त्यावर चर्चा होत नाही. नियमाने तीन प्रवासी बसायचे असताना चालकाच्या शेजारी चौथी सीट भरण्याची चाल या पट्ट्यात सर्वत्र आहे. पाहू गेल्यास ही चौथी सीट म्हणजे चालकाला मिळणारे वरचे पैसेच होत, फक्त ते कोणाच्या औदार्यातून न येता इतर प्रवाशांच्या आखडलेल्या गुडघ्यांतून आणि पणाला लागलेल्या सुरक्षिततेतून वसूल होतात.

रिक्षातली खरी बक्षिसी पूर्वी सुट्या पैशांच्या अभावातून जन्माला येत असे. चालकाकडे दोन-तीन रुपये परत द्यायला नसत, प्रवाशाची गाडी फलाटावर लागत असे, आणि ‘राहू द्या’ या दोन शब्दांत व्यवहार मिटे. एस.टी.च्या वाहकाने हीच अडचण अधिक शिस्तीने सोडवली होती: तिकिटाच्या मागच्या बाजूला देणे असलेली रक्कम पेनने लिहून द्यायची आणि उतरण्यापूर्वी हिशेब पुरा करायचा. ती तिकिटे खिशात जपून उतरताना आठवणीने वाहकापुढे धरणाऱ्या प्रवाशांची एक पिढीच महाराष्ट्रात होऊन गेली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या पद्धतीने ही सारी व्यवस्था पालटली. क्यूआर कोडवर रक्कम नेमकी भरली जाते, परत देण्याघेण्याचा प्रश्न उरत नाही, आणि त्याबरोबर नकळत सुटणारे दोन रुपयेही नाहीसे होतात. ज्याला काही द्यायचे आहे त्याला आता जाणीवपूर्वक आकडा वाढवून टाइप करावा लागतो. अनवधानाच्या उदारतेला मोबाइलच्या पडद्यावर जागा नाही.

महाराष्ट्रात वरच्या पैशांचे जुने प्रकार मात्र अनेक होते आणि त्यांतले काही अजून टिकून आहेत. दिवाळीत घरकाम करणाऱ्या बाई, टपाल आणणारे, पेपर टाकणारी मुले, दूधवाले, कचरा उचलणारे यांना दिल्या जाणाऱ्या रोख रकमेला ‘पोस्त’ म्हणतात. पोस्त ही त्या दिवशीच्या कामाची नसते. वर्षभराच्या नियमितपणाची ती पोच असते, आणि ती मागायला येणारा माणूस लाचार मानला जात नाही, कारण हक्क आणि आपुलकी यांच्या सीमेवरचा तो व्यवहार असतो. मुंबईच्या डबेवाल्यांना दिवाळीला एका महिन्याचा मोबदला जास्तीचा देण्याची रीतही याच जातीची आहे. तमाशाच्या फडात प्रेक्षक गाण्यावर खूश होऊन पैसे देतात त्याला ‘दौलतजादा’ म्हणतात. तिची प्रकृती पोस्तीहून अगदी वेगळी. ती सर्वांसमक्ष दिली जाते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, आणि कलावंताच्या कौतुकाइतकाच तिच्यात देणाऱ्याचा मिरवण्याचा भाग असतो. हॉटेलात सोबतच्या मंडळींच्या देखत मोठी नोट थाळीत टाकणारे गिऱ्हाईक या दुसऱ्या परंपरेचे वारस आहे, हे वेटरलाही चांगले कळते.

या परंपरांची एक काळी बाजूही आहे, आणि ती प्रवासाशी थेट जोडलेली आहे. जुन्या गावगाड्यात बलुतेदारांना, म्हणजे गावाची ठरावीक कामे वंशपरंपरेने करणाऱ्या कारागिरांना व सेवकांना, रोख मजुरीऐवजी सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. गावात येणाऱ्या सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, वाटसरूला पुढच्या गावाची वाट दाखवणे, रात्री पहारा देणे ही कामे महारांच्या वाट्याला होती, आणि वतन असल्याच्या नावाखाली ती दिवसाच्या कोणत्याही वेळी करावी लागत. मोबदला किती आणि केव्हा मिळणार, हे मात्र गावाच्या मर्जीवर असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागचा एक प्रमुख विचार असा होता की सरकारी काम करणाऱ्याला सरकारने निश्चित वेतन द्यावे, त्याला गावाच्या दयेवर सोडू नये. प्रवाशाची सेवा आणि सेवकाचा स्वाभिमान यांचा संबंध महाराष्ट्रात याहून स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. निश्चित नसलेला मोबदला घेणाऱ्याला मिंधे करतो, मग तो धान्याचा वाटा असो की थाळीतली नोट.

याच सूत्राचा पुढचा अध्याय हमालांनी लिहिला. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार स्थापन झालेली मंडळे मालकांकडून मजुरी आणि त्यावरील आकार गोळा करतात आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मिळतात. पुण्यात बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने हमालीचे दर संघटितपणे ठरवून घेण्याचा मार्ग दाखवला. दोन्ही ठिकाणी मागणी ‘योग्य दराची’ होती. व्यापाऱ्याने खूश होऊन काही द्यावे अशी ती नव्हती.

रेल्वे स्थानकावरचा लाल सदऱ्याचा हमाल या कायद्याच्या बाहेरचा आहे. तो रेल्वेचा नोकर नसतो. रेल्वेने दिलेल्या परवान्यावर आणि दंडावरच्या पितळी बिल्ल्यावर तो काम करतो, आणि त्याचे दर ओझ्याच्या वजनानुसार रेल्वेने ठरवून दिलेले असतात. तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमालांना ‘सहायक’ म्हणण्याची घोषणा केली. नाव बदलले, तरी उत्पन्नाची पद्धत बदलली नाही, आणि चाकांच्या बॅगांनी तर धंद्याचाच कणा मोडला. उल्हासनगर किंवा अंबरनाथसारख्या लोकलच्या स्थानकांवर हमाल दिसत नाही. कॅम्प ५ मधल्या कुटुंबाची त्याच्याशी गाठ कल्याण जंक्शनला पडते. तेथे दोन गोष्टींचे भान ठेवणे उपयोगी आहे. ओझे उचलण्यापूर्वी दर बोलून घ्यावा आणि तो रेल्वेच्या फलकाशी ताडून पाहावा. आणि पूल चढून, गर्दीतून वाट काढून, डब्यात सामान लावून दिल्यावर त्यावर काही रक्कम द्यावीशी वाटली तर ती त्या वाढीव कष्टांची कदर ठरते. दर विचारण्यात संकोच आणि नंतर वाद, हा प्रवाशांचा नेहमीचा अनुभव बोलण्याच्या क्रमातल्या चुकीमुळे येतो.

रेल्वेतल्या सगळ्याच माणसांना पैसे देता येत नाहीत, आणि येथे कायद्याची रेषा स्पष्ट आहे. तिकीट तपासनीस, एस.टी.चा वाहक, सरकारी रुग्णालयातला कर्मचारी हे लोकसेवक आहेत. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लोकसेवकाला गैरवाजवी लाभ देणाराही स्वतंत्रपणे दोषी ठरू शकतो. ‘चहापाणी’ हा शब्द मराठीत दोन्ही बाजूंनी वापरला जातो, कधी मजुराच्या हातावर ठेवलेल्या दहा रुपयांसाठी आणि कधी बर्थ मिळवण्यासाठी सरकवलेल्या पाचशेंसाठी. सामान्यतः कामाआधी दिलेले पैसे लाचेकडे झुकतात आणि कामानंतर दिलेले बक्षिसीकडे, असे म्हणता येते. परंतु लोकसेवकाच्या बाबतीत हा भेदही उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या कर्तव्याचे वेतन जनतेने आधीच दिलेले असते. खासगी क्षेत्रातही कामाआधीची टिप वादात सापडली आहे. मे २०२५ मध्ये एका मोठ्या टॅक्सी ॲपने गाडी लवकर मिळावी म्हणून प्रवाशाकडून आगाऊ टिप मागण्याची सोय केल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या कंपनीला नोटीस बजावली. सेवा मिळण्यापूर्वी मागितलेली आणि सेवेच्या वेगाशी बांधलेली रक्कम म्हणजे भाववाढीचेच दुसरे नाव, हा त्यामागचा आक्षेप रास्त वाटतो.

हॉटेलातल्या टेबलावर टिपेचा प्रश्न सर्वांत ठळकपणे येतो, म्हणून तेथे थोडे थांबणे भाग आहे. कल्याण–बदलापूर रस्त्यावरच्या ढाब्यापासून अंबरनाथच्या फॅमिली रेस्टॉरंटपर्यंत सगळीकडे बिल बडीशेपेच्या थाळीत किंवा काळ्या पाकिटात येते. मुरलेला वेटर मोड परत आणताना शंभराची एक नोट आणत नाही. पन्नासची एक, वीसची दोन आणि दहाची एक आणतो, जेणेकरून थाळीत ठेवायला योग्य आकाराची नोट गिऱ्हाइकाला सापडावी. त्याला लबाडी म्हणण्याचे कारण नाही. आपल्या उत्पन्नाची अनिश्चितता कमी करण्याचे ते त्याच्या हातातले एकमेव साधन आहे. जमलेले पैसे काही ठिकाणी ज्याचे त्याला मिळतात, तर काही ठिकाणी गल्ल्याजवळच्या डब्यात जमा होऊन आठवड्याने वाटले जातात. दुसऱ्या पद्धतीत आत भांडी घासणाऱ्याला, तंदूरवर उभे राहणाऱ्याला आणि टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला काही वाटा मिळण्याची शक्यता असते. पहिल्या पद्धतीत मात्र गिऱ्हाइकाला दिसणारा माणूसच तेवढा कमावतो, आणि टिपेच्या साऱ्या व्यवस्थेचा हा मूलभूत दोष आहे: ती कष्टाच्या प्रमाणात न पडता दिसण्याच्या प्रमाणात पडते. खोली झाडणारी बाई गिऱ्हाईक बाहेर गेल्यावर येते, म्हणून तिला काही मिळत नाही, आणि बॅग दारापर्यंत आणणारा मुलगा समोर उभा राहतो, म्हणून त्याला मिळते.

बिलावर छापलेल्या ‘सेवा शुल्क’ या रकान्याविषयी मोठा गैरसमज आहे. सेवा कर हा सरकारचा कर होता आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तो संपला. सेवा शुल्क मात्र हॉटेलचालक आपल्या मर्जीने लावतो आणि ते सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून स्पष्ट केले की हे शुल्क बिलात आपोआप जोडता येणार नाही, दुसऱ्या कोणत्याही नावाने वसूल करता येणार नाही, आणि ते नाकारणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारता येणार नाही. हॉटेलचालकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात याला आव्हान दिले, काही काळ स्थगितीही मिळवली; परंतु २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून मार्गदर्शक तत्त्वे ग्राह्य ठरवली. सेवा शुल्क काढायला नकार मिळाल्यास ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार करता येते. मात्र सेवा शुल्क काढून टाकण्याचा आग्रह धरणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानून उठणे हेही अर्धवटच, कारण हक्क गाजवला तो मालकापुढे आणि हात आखडला तो वेटरपुढे, असा त्याचा परिणाम होतो.

टिप नेमकी कोणाची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने कराच्या एका वादातून दिले आहे. ग्राहकाने क्रेडिट कार्डाने भरलेली टिप हॉटेल पुढे कर्मचाऱ्यांना वाटते, तेव्हा ती पगाराचा भाग धरून हॉटेलने उगमस्थानी करकपात करावी, म्हणजे पैसे हाती देण्यापूर्वीच त्यातून कर कापून सरकारकडे भरावा, असे आयकर विभागाचे म्हणणे होते. २६ एप्रिल २०१६ च्या आयटीसी प्रकरणातील निकालात न्यायालयाने ते अमान्य केले. हॉटेल येथे केवळ विश्वस्ताप्रमाणे पैसे पोचवते, ती रक्कम मालकाने दिलेला पगार नव्हे, असा त्याचा आशय आहे. कर्मचाऱ्याला त्यावर कर लागू शकतो, पण तो अन्य उत्पन्न म्हणून. या निकालाचा सामान्य प्रवाशाला कळणारा अर्थ असा की कार्डावर किंवा मोबाइलवर दिलेली टिप मालकाची होत नाही, आणि ती पोचते की नाही हे विचारण्यात काही गैर नाही.

कॅम्प ५ मधल्या अनेक घरांचे नातेवाईक दुबई, लंडन, अमेरिका येथे आहेत, आणि परदेशी गेलेल्यांना टिपेचा प्रश्न हमखास छळतो. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला केंद्रीय कायद्याने ताशी केवळ २.१३ डॉलर रोख वेतन देण्याची मुभा मालकाला आहे, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरून किमान वेतनाचे ७.२५ डॉलर भरले नाहीत तर उरलेली रक्कम मालकाने द्यावी, असा नियम आहे. म्हणजे तेथे टिप न देणारा मराठी किंवा सिंधी पाहुणा काटकसर करत नसतो, तो कोणाच्या तरी मजुरीतला भाग राखून ठेवत असतो. या पद्धतीच्या मुळाशी रेल्वेचाच एक इतिहास आहे. शयनयान चालवणाऱ्या पुलमन कंपनीने आपल्या कृष्णवर्णीय सेवकांना तुटपुंज्या पगारावर आणि प्रवाशांच्या टिपेवर राबवले. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीला करार करावा लागला. मिंधेपणाऐवजी वेतन, ही त्यांची मागणी येथल्या हमालांच्या आणि वतनदारांच्या मागणीपेक्षा वेगळी नव्हती. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला टिपेतला पैसाही ठेवून घेता येत नाही. जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघाल्यास विसरलेली रक्कम परत द्यायला वेटर मागे धावतो.

काही सेवा अशा असतात की तेथे व्यक्तीच्या हाती पैसे देणे अप्रस्तुत ठरते. कॅम्प ५ मध्ये झुलेलालाचे चालिया मंदिर आहे, तेथे चाळीस दिवसांच्या व्रताच्या काळात बाहेरगावचे भाविक येतात. याच भागात स्वामी शांतिप्रकाश आश्रम आहे. अशा ठिकाणी पाणी देणारे, जोडे सांभाळणारे, पंगतीत वाढणारे लोक बहुधा सेवा म्हणून ते करतात. त्यांच्या हाती नोट ठेवल्यास सेवेची मजुरी केल्यासारखे होते, म्हणून द्यायचेच असेल तर दानपेटी आहे, आणि त्याहून बरे म्हणजे पंगतीत एक फेरी वाढू लागणे. तेथून जवळच, अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांच्या काळातले, १०६० साली पुरे झालेले शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत तेथे जोडे राखणारे, फुले विकणारे आणि रिक्षा लावणारे यांचा संबंध मात्र पोटाशी असतो. दोन्ही ठिकाणी काम दिसायला सारखे, तरी कदर करण्याची रीत उलट, आणि हा फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

बदलापूरच्या पुढे पावसाळ्यात कोंडेश्वर आणि बारवी धरणाच्या बाजूला सहलीला जाणाऱ्यांची गर्दी होते. उन्हाळ्याच्या अखेरीस याच रस्त्यांवर आदिवासी बायका करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणांत विकायला बसतात. पहाटे रानात जाऊन, काट्यांतून वेचून आणलेल्या या मालावर शहरी माणूस सवयीने घासाघीस करतो आणि नंतर पार्किंगवाल्या मुलाला बक्षिसी देतो. सांगितलेला भाव न बोलता देणे, ही त्या बाईची कदर करण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित रीत आहे.

पैशांनी फिटत नाहीत अशा सेवांचेही दाखले याच मार्गावर आहेत. २७ जुलै २०१९ रोजी अतिवृष्टीमुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या, बचावपथकांनी बोटींतून बाहेर काढले आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्यांना आसरा व खाणेपिणे दिले. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकावर एका दृष्टिहीन आईचा मुलगा फलाटावरून रुळांवर पडला तेव्हा उद्यान एक्स्प्रेस वेगाने येत होती. सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे आणि गाड्यांची ये-जा यांची प्रत्यक्ष कामे करणारा रेल्वेचा कर्मचारी, मयूर शेळके यांनी रुळांतून धावत जाऊन त्याला वर ढकलले आणि क्षणार्धात स्वतः वर चढले. रेल्वेने त्यांना ५०,००० रुपयांचे पारितोषिक दिले, एका कंपनीने मोटारसायकल दिली, आणि शेळके यांनी पारितोषिकाची अर्धी रक्कम त्या मुलाच्या कुटुंबाला दिली. येथे बक्षिसीची दिशाच बदलली. घेणाराच देणारा झाला. अर्थात हे सारे सीसीटीव्हीवर टिपले गेले म्हणून देशभर पोचले. त्याच स्थानकावर रोज हिरवा बावटा दाखवणाऱ्या माणसाकडे कोणाची नजर जात नाही. अशा लोकसेवकांसाठी एक मार्ग उपलब्ध आहे: ‘रेल मदद’ या संकेतस्थळावर तक्रारींच्या रकान्यांबरोबर कौतुक नोंदवण्याचाही रकाना आहे. गाडीचा क्रमांक, तारीख आणि कामाचा नेमका तपशील लिहून केलेली अशी नोंद वरिष्ठांपर्यंत पोचू शकते आणि कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ती शंभराच्या नोटेपेक्षा जास्त टिकाऊ असते.

वांगणीनंतर दोनच स्थानकांवर नेरळ लागते आणि तेथून माथेरानचा घाट सुरू होतो. कॅम्प ५ मधल्या कुटुंबांची ही एका दिवसाची नेहमीची सहल. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे वृद्धांना आणि लहान मुलांना घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षा यांच्यावर बरेच अवलंबून राहावे लागे. दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल करून जादा पैसे उकळले जातात, या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या रहिवाशांनीच गाव बेमुदत बंद ठेवले होते. म्हणजे दराविषयीची अस्पष्टता ग्राहकाइतकीच प्रामाणिक श्रमिकालाही बुडवते, हे स्थानिकांनी ओळखले. हातरिक्षाची गोष्ट त्याहून कठीण होती. लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढून ओढत असे, दुसरा मागून ढकलत असे, आणि आत बसलेल्याला धापा ऐकू येत राहत. उतरताना अनेक जण ठरलेल्या दरावर पन्नास-शंभर रुपये जास्त देत. त्या पैशांनी ओढणाऱ्याच्या छातीतला दम कमी होत नसे, बसणाऱ्याचा संकोच तेवढा कमी होई. हातरिक्षा चालकांची मागणी वेगळीच होती: आपल्याला ई-रिक्षा चालवू द्यावी. ती त्यांनी वर्षानुवर्षे निवेदनांतून आणि न्यायालयातून लावून धरली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, शासनाने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात असे सांगितले, आणि त्यातून उरलेल्या ई-रिक्षा परिसरातल्या आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना देता येतील, अशी तरतूदही त्यात ठेवली.